अंतर बरोबर, वेळ चूक: विमानतळांमधलं अंतर सांगणारं अ‍ॅप काही महिने वापरल्यावर

आमचं काम तंत्रज्ञांना लांबच्या साइटवर पोचवायचं. जिथे थेट विमानसेवा नाही तिथे कधीकधी लहान विमान भाड्याने घ्यावं लागतं, म्हणून या अ‍ॅपची वार्षिक वर्गणी भरली. अलीकडे ३०० किमीच्या एका फेरीला त्याने २० मिनिटं दाखवली आणि बिल आलं तासाभराचं. त्या बिलापायी हा अनुभव लिहितोय.

२० मिनिटं आली कुठून? ३०० ला ताशी ९०० किमीने भागलं की झालं. पण हा वेग मोठ्या जेटचा, तोही वर जाऊन स्थिरावल्यानंतरचा. छोट्या धावपट्टीवर बहुधा टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्यावर चालणारं विमान, येतं. एटीआर ७२ सारखं विमानसुद्धा ताशी ५०० च्या आसपासच जातं, म्हणजे सरळ भागाकारानेच ३६ मिनिटं. त्यात चढायचा वेळ, उतरायचा वेळ, वाऱ्याची दिशा बघून धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून यायचा वळसा, टॅक्सिंग म्हणजे धावपट्टीपर्यंत आणि तिथून परत जमिनीवरून जाणं. विमान उभ्या जागेवरून हललं तिथपासून पुन्हा उभं राहीपर्यंतचा वेळ म्हणजे ब्लॉक टाइम, आणि आमचं भाडं त्यावरच लागतं. लांबच्या उड्डाणात ही वरची २०-२५ मिनिटं खपून जातात. ३०० किमीत तीच हिशेब फिरवतात.

खरं तर सुरुवातीला माझा संशय अंतरावर होता, कारण रस्त्याचं अंतर कितीतरी जास्त भरत होतं. पण अक्षांश-रेखांश घेऊन दोन ठिकाणांमधलं हवाई अंतर काढणाऱ्या हॅवरसाइन सूत्राने स्वतः गणित केलं आणि आकडा जुळला. हे सूत्र पृथ्वीला पूर्ण गोल धरतं, तरी चूक अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर, म्हणजे ३०० किमीला फार तर दीड किमी. त्या बाबतीत अ‍ॅपला पूर्ण गुण.

फक्त ‘मैल’ निवडताना जपा. ३०० किमी म्हणजे १६२ सागरी मैल किंवा १८६ साधे मैल. अ‍ॅप साधे दाखवतं, वैमानिक सागरी बोलतो. आणि शोधताना विमानतळाचा चार अक्षरी आयकाओ कोड (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा) टाका, कारण बऱ्याच छोट्या धावपट्ट्यांना तिकिटांवरचा तीन अक्षरी कोड नसतोच.

वेळेबद्दल तक्रार केली तर ‘वेळ अंदाजे आहे’ एवढंच उत्तर आलं. अंदाज तिपटीने चुकत असेल तर तो पैसे घेऊन विकू नये, असं मी सरळ कळवलं. पुढच्या अपडेटमध्ये विमानाचा प्रकार निवडायची सोय आली. त्याने मी खरंच सुखावलो. टर्बोप्रॉप निवडलं की आता ३६ मिनिटं दिसतात. मात्र आपण काही निवडलं नाही तर जेटच धरलं जातं, टॅक्सिंग अजून शून्य, आणि जाताना-येताना वेळ तोच! ताशी ५० किमीचा वारा समोरून असेल तर ३६ ची ४० मिनिटं होतात, पाठीमागून असेल तर ३३.

नव्याने घेणाऱ्यांनी टर्बोप्रॉप निवडून वर २५ मिनिटं धरावीत, म्हणजे बजेट कोसळत नाही. माझी वर्गणी संपत आली आहे. तोवर आकड्याशेजारी ‘फक्त हवेतला वेळ’ असं लिहिलेलं दिसलं तर पुन्हा भरेन. नाहीतर अंतरापुरती फुकटची आवृत्ती चालेल.