सरोजिनी नगरातून काळी-पांढरी थंडी: काय घ्यावं, काय नको

पुण्याहून दिल्लीला आले तेव्हा बॅगेत एकच स्वेटर होता, तोही पहाटे सिंहगडावर जाताना घालायचा तसला, आणि डिसेंबर संपता संपता त्याची लायकी कळली. मग ठरवलं की सगळं काळं नाहीतर पांढरंच घ्यायचं, म्हणजे सकाळी बधिर हातांनी कपाट उघडलं तरी कशावर काहीही चालतं. खरेदी सरोजिनी नगरला. तीन फेऱ्या झाल्या, त्यातली एक फुकट कारण सोमवारी मार्केट बंद असतं. पिंक लाइनचं स्टेशन जवळच आहे म्हणून फार वैताग नाही झाला.

माझं मत विचाराल तर तिथून काळं बिनधास्त घ्या, पांढरं दुसरीकडून.

काळा ओव्हरकोट 900 ला मिळाला, सुरुवात 1800 पासून होती, मी 600 वर अडून बसले होते. ट्रायल रूम वगैरे नाही, उभ्या उभ्या अंगातल्या स्वेटरवरच चढवायचा, आणि ते बरंच आहे कारण कोट शेवटी आतल्या दोन-तीन थरांसकटच बसायला हवा ना. दोन्ही हात पुढे करून बघा, पाठीत ओढलं की एक साइज मोठा मागा. आणि काळ्यातही प्रकार असतात हं, कुठला निळसर मारतो, कुठला तपकिरी, कुठला धुऊन धुऊन करडा झालेला. मी काळी जीन्स घालूनच गेले होते, कोट तिच्यावर धरून बाहेरच्या उजेडात बघितला तेव्हा तीन नापास झाले. ब्रँडचं लेबल बघून मात्र हुरळू नका, कापड हातात चुरगाळून बघा.

पांढऱ्यात मी फसले, चूक माझीच. पिवळ्या बल्बखाली शुभ्र दिसलेलं हायनेक घरी ट्यूबलाइटमध्ये साय धरलेल्या दुधासारखं निघालं. वर ते अ‍ॅक्रिलिक, दोन धुण्यांत काखेत गोळे आले आणि कोटाच्या अस्तरावर पांढरी लव. मफलर तर पांढरा घेऊच नका, इथल्या हवेत नाकासमोरचा भाग दोन दिवसांत करडा होतो. आता पांढरं फक्त आत घालते, गळ्याशी बोटभर दिसलं तरी काळा कोट उठून दिसतो.

थर्मल मात्र चांगल्या दुकानातूनच घेतले, त्यात घासाघीस नको. ढगळ थर्मल काही कामाचा नाही, अंगाला चिकटूनच हवा. एका जाडजूड स्वेटरपेक्षा पातळ दोन जास्त ऊब देतात कारण मधे हवा अडकते, शिवाय मेट्रोत उकडलं तर एक काढून बॅगेत टाकता येतो.

आईचं व्हिडिओ कॉलवर सुरू झालंच, संक्रांतीला ठीक आहे गं, रोज काय काळं? म्हटलं, आई, इथे दोन महिने संक्रांतच असते. आणि काळ्यावर पांढरं तूच तर शिकवलंस, चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने.

तीच चंद्रकळा यंदा इथल्या हळदीकुंकवाला नेसले, आत थर्मल, वरून 900 चा कोट, पायात पांढरे स्नीकर्स. कोट काढ असं कुणी म्हणालं नाही, कारण कुणीच काढला नव्हता.