एस्टेट सेलमधला बिडाचा तवा आणि रेसिपीचा डबा : नऊ महिने वापरून झाल्यावर

गेल्या ऑक्टोबरमध्ये आमच्या घराजवळ एक एस्टेट सेल लागला होता. आम्ही अमेरिकेत, अलाबामातल्या हंट्सव्हिलला राहतो. इथे घरातलं म्हातारं माणूस गेलं की घर विकायच्या आधी आतलं सगळं सामान जागच्या जागी किमती लावून विकतात, लोक स्वयंपाकघरातली कपाटं उघडून बघत फिरतात, पहिल्यांदा गेले होते तेव्हा मला ते बघवलं नव्हतं. यावेळी ओट्याखालच्या कपाटात एक गंजलेला बिडाचा तवा दिसला आणि मी तिथेच खाली बसले, कारण रत्नागिरीला सासूबाईंकडे घावनांसाठी जो तवा आहे तो अगदी तसाच, फक्त याला कड आणि आखूड दांडा. १८ डॉलर. त्याच्याच बाजूला पत्र्याचा छोटा डबा होता, आत हाताने लिहिलेली रेसिपीची कार्डं, तेलाचे डाग पडलेली, दीडशेच्या आसपास असतील. ५ डॉलर. घरच्यांना ती कार्डं नको होती याचं वाईट वाटलं म्हणून डबा पण उचलला.

तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीन दिवस यातलंच काहीतरी शिजतंय. घ्यावा का असा तवा, तर नक्की घ्यावा, पण घेताना बघून घ्या आणि त्यात काय रांधायचं ते समजून घ्या. कार्डांचं थोडं अवघड आहे, ते पुढे सांगते.

आधी तवा. दांड्यावर नुसता ८ आकडा आहे, कंपनीचं नाव नाही. हे ८ म्हणजे इंच नाहीत, मोजला तर वरून साडेदहा इंच भरतो. जुन्या लाकडाच्या शेगड्यांना वर जी गोल भोकं असायची त्यांना नंबर असायचे, तव्याचा नंबर त्या भोकाचा. आतून हाताला इतका गुळगुळीत लागतो की आत्ताच्या नव्या तव्यांचा खरखरीतपणा लगेच जाणवतो, पूर्वी ओतल्यानंतर आतली बाजू मशीनवर घासून द्यायचे. समोरच्या आजींचं म्हणणं की हा बर्मिंगहॅमचा असणार. इथून दीड तासावर बर्मिंगहॅम, तिथल्या डोंगरात लोखंडाचं खनिज, जवळच कोळसा आणि चुनखडीपण, त्यामुळे ते गावच लोखंडावर उभं राहिलं. १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनासाठी त्यांनी व्हल्कन या रोमन लोहारदेवाचा ५६ फुटी ओतीव लोखंडाचा पुतळा पाठवला होता, तो अजून त्या डोंगरावर उभा आहे. तवा खरंच तिथला आहे का हे कळायला मार्ग नाही, पण लेकीला पुतळा दाखवून आणला आणि तेव्हापासून ती त्याला व्हल्कनचा तवा म्हणते.

जुना तवा घेताना तीन गोष्टी बघा. बोटाच्या पेरानं वाजवून बघा, घंटेसारखा खणखणला तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी केसाएवढा तडा असतो. सपाट ओट्यावर ठेवून हलतो का बघा, वाकलेला तवा काचेच्या शेगडीवर कधीच नीट तापत नाही. आणि तिसरी सगळ्यात महत्त्वाची, पूर्वी लोक अशाच तव्यांत शिसं वितळवून बंदुकीच्या गोळ्या नाहीतर मासेमारीची वजनं बनवायचे, त्यामुळे शिशाची टेस्ट किट आणून तपासा, लहान मुलं असतील तर हे टाळू नकाच. माझ्या तव्याला खाली एक बारीक कडं आहे, लाकडाच्या शेगडीसाठी, त्यामुळे काचेच्या शेगडीवर मधला भाग उशिरा तापतो. मी आता सरळ ओव्हनमध्ये तापवते.

गंज काढायला एक रविवार गेला. तारेच्या घासणीनं घासायचा, धुवून लगेच शेगडीवर कोरडा करायचा, मग तेलाचा हात फिरवायचा आणि तो हातसुद्धा फडक्यानं पुसून टाकायचा, वाटलं पाहिजे की काही लावलंच नाही, मग ओव्हनमध्ये पालथा घालून ४५० फॅरनहाइटला, म्हणजे साधारण २३० सेल्सिअसला, तासभर. असं चार वेळा. पहिल्या वेळी मी तेल जास्त लावलं आणि चिकट ठिपके राहिले, ते परत घासून काढावे लागले. साबण चालत नाही म्हणतात ते जुन्या कॉस्टिकच्या साबणाच्या काळातलं, भांड्यांचा साधा लिक्विड साबण दोन थेंब चालतो. चालत नाही ते आंबट. टोमॅटोचं सार उकळलं तर काळा थर सुटून सगळ्याला लोखंडाची चव येते. घावन मात्र पहिल्या महिन्यातच सुटायला लागले, अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवायचा, आपली नेहमीचीच पद्धत.

आता कार्डं. पहिले दोन महिने मला यातलं निम्मं कळलंच नाही. एका कार्डावर 'स्वीट मिल्क' लिहिलं होतं, मी कंडेन्स्ड मिल्क घातलं आणि पुडिंग फुकट गेलं. स्वीट मिल्क म्हणजे साधं दूध, ताक नव्हे ते दूध, एवढंच, कारण घरात ताकच जास्त वापरात असायचं. 'ओलिओ' म्हणजे मार्जरिन. 'मॉडरेट ओव्हन' म्हणजे ३५० च्या आसपास. 'अंड्याएवढं लोणी' हे मात्र लगेच समजलं, आपल्या आयांनी लिंबाएवढी चिंच आणि सुपारीएवढा गूळ असंच शिकवलंय ना. बाकीचं समोरच्या आजींनी उलगडून सांगितलं. इथे मोठ्या बायकांना नावाआधी 'मिस' लावून हाक मारतात, आपल्या काकू-मावशीसारखंच, पण मला त्या आजीच वाटतात. कार्ड हातात घेऊन त्या आधी अक्षर बघतात, मग पदार्थ.

कॉर्नब्रेडवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. सुरुवातीला एका सुपरमार्केटमधलं तयार मिक्स आणलं, पिवळं आणि गोड, केकसारखं झालं. आजींनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या की हे वाढदिवसाला कर. डब्यातल्या कार्डात साखर नाही, मैदा जवळजवळ नाही. पांढऱ्या मक्याचं दोन कप पीठ, सोडा आणि बेकिंग पावडर, मीठ, एक अंडं, पावणेदोन कप बटरमिल्क. तव्यात तीन-चार चमचे बेकनची चरबी घालून तवा ओव्हनमध्ये ४५० ला चांगला तापवायचा, मग त्यातली थोडी पिठात ओतायची आणि पीठ तव्यात. चर्र असा आवाज आलाच पाहिजे, नाही आला तर तवा तापलेला नाही आणि खालचा कुरकुरीत पापुद्रा धरणार नाही. वीस-बावीस मिनिटं. पालथा घातला की तांबूस गोल सुटून येतो. चरबीच्या जागी साजूक तूप मी अनेकदा वापरलं आणि खरं सांगते, काही फरक पडला तर चांगल्याकडेच. पीठ मात्र जात्यासारख्या दगडी गिरणीवरचं हवं. मोठ्या रोलर गिरण्यांत मक्याचा कोंब काढून टाकतात, पीठ टिकतं जास्त दिवस पण चव त्या कोंबातच असते.

इथलं बटरमिल्क म्हणजे आपलं पातळ ताक नव्हे, विरजण लावून केलेलं दाट आंबट असतं. भारतात करणाऱ्यांनी दही थोडं दूध घालून घुसळून घ्यावं, जमतं.

जानेवारीत सासूबाई आल्या होत्या. रात्री उरलेला कॉर्नब्रेड होता, त्यांनी कोणी न सांगता वाडग्यात कुस्करला, वर ताक ओतलं, मीठ घातलं आणि खायला बसल्या, भाकरी खातात तसा. तेवढ्यात समोरच्या आजी काहीतरी द्यायला आल्या होत्या, त्या बघतच राहिल्या. त्यांचे वडील शेतावरून आले की रात्री हेच जेवायचे म्हणे, उंच ग्लासात कॉर्नब्रेडचा चुरा, वर थंड बटरमिल्क आणि लांब चमचा. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, त्या रात्री तास-दीड तास माझ्याकडून दुभाषाचं काम करून घेतलं दोघींनी.

कुस्करायचं की बुडवायचं यावरून इथे एकेकाळी वर्तमानपत्रात वाद झालाय. कोलार्ड नावाची कोबीच्या जातीची पालेभाजी तासभर शिजवली की जे पाणी राहतं त्याला पॉट लिकर म्हणतात, आपण कट म्हणू तसं. १९३१ मध्ये लुइझियानाचे गव्हर्नर ह्यूई लाँग म्हणाले की मक्याची पोळी त्यात बुडवून खायची, अटलांटा कॉन्स्टिट्यूशन या पेपरच्या संपादकानं लिहिलं की नाही, कुस्करूनच, आणि आठवडेच्या आठवडे लोकांची पत्रं येत राहिली. मी कुस्करणाऱ्यांतली. भाजी थंडी पडल्यावर घ्या, पाल्यावर दव गोठून गेलं की कडवटपणा कमी होतो. घरच्या मंडळींसाठी स्मोक्ड टर्कीचा तुकडा घालते, सासूबाईंसाठी नुसता लसूण, सुकी मिरची आणि थोडी स्मोक्ड पाप्रिका, त्यांना मोहाच्या धुराची आठवण आली म्हणाल्या.

ग्रिट्स म्हणजे कण्या, सरळ मक्याच्या कण्या. मिनिटात होणारं पाकीट आणू नका, एक कप जाडसर कण्यांना चार कप पाणी आणि पाऊण तास ढवळणं, तेवढं करा. चिकन अँड डम्पलिंग्जचं कार्ड वाचून मला माहेर आठवलं, सांगलीला आई चकोल्या करायची तशाच मैद्याच्या पातळ पट्ट्या लाटून कापून उकळत्या कोंबडीच्या रश्श्यात सोडायच्या. मसाला म्हणाल तर नुसती मिरपूड. मला तेवढी पुरते, नवऱ्याला नाही, तो वरून ठेचा घेतो.

बिस्किटं बिघडण्याचं कारण कळायला मला तीन महिने लागले. इथली बिस्किटं म्हणजे आपली चहाबरोबरची नव्हेत, मऊ, फुललेले छोटे पाव असतात. आकार, लोणी, ओव्हन सगळं बरोबर आणि तरी दगडासारखी. चूक पिठात होती. इथल्या दक्षिणेत मऊ हिवाळी गहू पिकतो, त्याच्या मैद्यात प्रोटीन कमी, आणि ही कार्डं त्याच मैद्याला धरून लिहिलेली आहेत, कार्डावर मात्र नुसतं 'फ्लोअर' असतं कारण लिहिणारीच्या घरात दुसरा मैदाच नव्हता. टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला १८८३ मध्ये सुरू झालेला व्हाइट लिलीचा मैदा आणला आणि त्याच दिवशी बिस्किटं फुलली. तो मिळत नसेल तर कपामागे दोन चमचे मैदा काढून तेवढं कॉर्नफ्लोअर घाला. लोणी फ्रीजमधून काढल्याबरोबर, हात कमी लावायचा, घडी घालून तीन-चार वेळा हलकं थापायचं, पेल्यानं कापताना पेला गोल फिरवायचा नाही, सरळ खाली दाबायचा, फिरवला की कडा दाबल्या जातात आणि बिस्किट वर येत नाही. तव्यात एकमेकांना चिकटून ठेवली की बाजूला न पसरता उंच होतात.

एक जानेवारीला चवळी-भात, म्हणजे हॉपिन जॉन, आणि कोलार्ड. चवळी म्हणजे नाणी, पाला म्हणजे नोटा, वर्षभर पैसा राहतो म्हणतात. चवळी आणि भेंडी दोन्ही इथे आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर आल्या. हे मी मुद्दाम लिहितेय. या सगळ्या जुन्या जेवणाबद्दल लोक आजीच्या हातची चव वगैरे फार गोड बोलतात आणि मलाही ते आवडतं, पण कित्येक घरांत कार्डावर नाव मालकिणीचं आणि चुलीपाशी उभी कृष्णवर्णीय बाई, अशी गोष्ट होती. इथल्याच मॉन्टगोमेरी शहरातल्या जॉर्जिया गिलमोर यांच्याबद्दल आजींनीच सांगितलं, नंतर मी वाचलं. त्या स्वयंपाकाच्या नोकरीवर होत्या, १९५५-५६ मध्ये बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला त्या वेळी नोकरी गेली, पण त्यांनी आणि इतर बायकांनी तळलेलं चिकन, केक आणि पाय (pie, सारण भरून भाजलेला पदार्थ) विकून चळवळीला पैसे उभे केले. पैसे कुठून आले विचारलं की उत्तर 'कुठूनच नाही', म्हणून गटाचं नावच क्लब फ्रॉम नोव्हेअर. मक्याची पण एक बाजू आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गरीब घरांत कोंब काढलेलं मक्याचं पीठ, काकवी आणि डुकराची चरबी एवढंच खाऊन हजारो लोक पेलाग्रा नावाच्या आजारानं मेले, डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर १९१४ पासून ओरडून सांगत होते की हा संसर्ग नाही, आहाराचा दोष आहे. त्यामुळे माझ्या ताटात मक्याबरोबर चवळी आणि पालेभाजी असतेच.

कार्डांतली चाळीसएक मी बाजूला काढून ठेवली, ती करणार नाही. टिनबंद सूप ओतून ओव्हनमध्ये भाजलेले कॅसरोल आणि रंगीत जेलीत घातलेला किसलेला कोबी. एकदोन करून बघितले, मीठ फार आणि चव एकच. ती कार्डं लिहिणाऱ्या बाईच्या नोकरीच्या वर्षांतली असावीत, तिला वेळ नसणार, तिचं अक्षरही त्यात घाईचं आहे.

जूनमध्ये चिल्टन काउंटीचे पीच आले. तिथे क्लँटन गावात हायवेवरून दिसणारी पाण्याची टाकीच पीचच्या आकाराची आहे. त्यांचा कॉब्लर, म्हणजे फळांवर पीठ घालून भाजलेला गोड पदार्थ, त्याच तव्यात केला, आदल्या दिवशीच्या मटणाचा वास लागेल अशी भीती होती, नाही लागला. फक्त गरम तवा उचलताना दोन्ही हात लागतात, जवळपास दोन किलोचा आहे, भरला की माझ्या मनगटाला जड जातो आणि दांडा एवढा तापतो की जाड फडकं विसरले त्या दिवशी तळहाताला फोड आला होता. मनगटाचा त्रास असेल तर ६ नंबरचा छोटा बघा.

लेन केकचं कार्ड अजून केलेलं नाही. हा अलाबामाचाच, क्लेटन गावच्या एमा रायलँडर लेन यांनी १८९८ मध्ये छापलेला, पांढऱ्या केकच्या थरांमध्ये अंड्याचे पिवळे बलक, मनुका आणि बोरबन व्हिस्की घालून शिजवलेलं सारण. आमच्या कार्डावर खाली पेन्सिलनं लिहिलंय 'ख्रिसमसच्या एक आठवडा आधी', आणि त्याखाली वेगवेगळ्या शाईत सतरा वर्षं मांडलेली आहेत, शेवटचं २००९. यंदा डिसेंबरात करते, आणि त्याखाली आमचं वर्ष लिहायचं का हे आजींना विचारायचंय.