नवं घर, जुळे सोलापूर: फिक्स फर्निचर की सुटं? एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर

आमची वास्तुशांत गेल्या दिवाळीच्या आधी झाली. खाली हॉल, स्वयंपाकघर, सासूबाईंची खोली आणि वर दोन बेडरूम असं जुळे सोलापुरातलं साधं घर आहे. बांधकाम चालू असताना ‘सगळं एकदाच फिक्स करून टाका, परत बघायला नको’ म्हणणारेही भेटले आणि ‘भिंतीत पैसे घालू नका’ म्हणणारेही. आम्ही स्वयंपाकघर, दोन वॉर्डरोब आणि माळे फिक्स केले. पलंग, सोफा, जेवणाचं टेबल, मुलीचं अभ्यासाचं टेबल सुटं घेतलं. आता उन्हाळा आणि पाऊस दोन्ही पाहून झालेत, तेव्हा अनुभव लिहिते.

माझं मत आधीच सांगते. सामान ज्यात राहतं ते भिंतीत जाऊ द्या, माणसं ज्यावर बसतात-झोपतात ते सुटंच ठेवा. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटला हा हिशोब कदाचित वेगळा लागेल, तिथे इंच इंच महत्त्वाचा. सोलापुरात जागेपेक्षा मे महिना मोठा.

पारा ४२-४३ वर गेला की वरच्या खोल्यांचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत निवत नाही. मग अख्खं घर हॉलमध्ये, कूलरसमोर. आमचा पलंग सागवानी, खाली खण-बिण काही नाही, नुसत्या पट्ट्या. दोघांनी धरला की सरकतो. एप्रिलमध्ये तो पश्चिमेच्या भिंतीपासून पूर्वेला गेला, पावसाळ्यात परत आला. शेजाऱ्यांकडे हायड्रॉलिकचा बॉक्स-पलंग आहे, डोक्याकडचं पॅनल भिंतीला स्क्रू मारून बसवलेलं. दिसायला फारच छान, आणि आत सामानही खूप मावतं. पण तो पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला चिकटलेला, हलवायची सोय नाही. मे महिनाभर ते लोक हॉलमध्ये गाद्या टाकून झोपले आणि पलंगावर धुतलेले कपडे पडलेले असायचे.

कूलरचं तर कोणी बोलतच नाही. डिझाइन काढून देणारे एसीची जागा बरोबर दाखवतात, कूलरची कधीच नाही. कूलर खिडकीशी हवा, बाहेरची कोरडी हवा ओढायला, आणि समोरची दुसरी खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा. आता त्याच खिडकीखाली कुणी फिक्स बैठक किंवा अभ्यासाचं टेबल करून ठेवलं तर कूलर जाणार कुठे? आमच्याही नकाशात वरच्या खोलीत खिडकीखाली बैठक होती, खालून ड्रॉवर. आमच्या ह्यांनी ती पेन्सिलने खोडली आणि तिथे ‘कूलर’ लिहिलं. सगळ्या नकाशात त्यांनी केलेला तेवढाच बदल, पण लाखमोलाचा.

वॉर्डरोब मात्र फिक्सच करा, आणि छतापर्यंत. आमच्याकडे धूळ किती असते ते सांगायला नको. सुट्या कपाटाच्या डोक्यावर पंधरा दिवसांत थर बसतो, छताला भिडलेल्या वॉर्डरोबला डोकंच नाही. आमच्या बेडरूममधला वॉर्डरोब पश्चिमेच्या भिंतीवर घेतला. त्यामुळे भिंतीची धग थेट खोलीत येत नाही, हा फरक कळण्याइतका आहे. मात्र उन्हाळ्यात संध्याकाळी आतले कपडे नुकतीच इस्त्री करून आल्यासारखे गरम लागतात. रेशमी साड्या आणि औषधं तिथे ठेवत नाही.

आता चादरींचं. सोलापूरच्या घरात चादरी किती असतात हे बाहेरच्याला सांगून पटणार नाही. लग्नाकार्यात मिळालेल्या, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या जत्रेच्या वेळी येणाऱ्या पाहुण्यांसाठी वेगळ्या, सासूबाईंनी जपून ठेवलेल्या मोराच्या नक्षीच्या वेगळ्या. घडी करून रचल्या की चांगलं वजन होतं. पहिल्या वॉर्डरोबमध्ये मिस्त्रींनी तीन फुटांचा सलग कप्पा दिला होता, १८ मिलिमीटरच्या प्लायचा. जानेवारीत बघते तर मधोमध पोट आलेलं. दोरी ताणून पाहिली, बोटभर खाली. मिस्त्रींना बोलावलं तर म्हणाले, “मालकीणबाई, कपड्याचा कप्पा म्हणालात, चादरीचा म्हणाला नाहीत.” मग मधे उभी फळी टाकून दीड-दीड फुटांचे दोन कप्पे केले, त्यानंतर काही तक्रार नाही. दुसऱ्या वॉर्डरोबला आधीपासूनच अशी फळी घातली. जड सामानाचा कप्पा असेल तर सलग लांबी अडीच फुटांच्या आत ठेवा, आणि खणात काय जाणार आहे ते आधी तोंडाने सांगा.

शटरबद्दल थोडं. सात फुटी शटरला फक्त बाहेरून सनमायका लावून आत नुसता रंग दिला की ते उन्हाळ्यात वाकतं. दोन्ही बाजूंना सनमायका हवाच, आतून हलका चालतो. आणि एवढ्या उंचीला चार बिजागऱ्या. तीनवर भागवतो म्हणाले तर ऐकू नका.

स्वयंपाकघरात ओट्याखाली उभे-आडवे कडप्पे टाकून त्यात स्टीलच्या ट्रॉल्या बसवल्या. इथे फिक्सला पर्याय नाही असं माझं म्हणणं, फक्त सिंकखाली प्लाय नको. आपल्याकडे पाणी दिवसाआडही येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं. आलं की सगळं भरून घ्यायचं, भांडी घासायची, फरशी पुसायची, सगळी झुंबड त्याच दोन तासांत. सिंकखाली त्या दिवशी ओल असणारच. तिथे कडप्पा, आणि दाराला अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम. ट्रॉल्यांचं स्टील ३०४ ग्रेडचं घ्या. २०२ दिसायला तेच, पण बोअरच्या खाऱ्या पाण्याने त्याच्या जोडांवर गंजाचे ठिपके लवकर येतात. पिंपासाठी ओट्याच्या टोकाला दोन फूट मोकळी जागा सोडली आहे, तिथे काहीही फिक्स नाही. पाहुणे विचारतात, हा कोपरा राहिला का करायचा? राहू दे म्हणते.

ज्वारीची कोठीही सुटीच. मॉड्युलरवाल्याने उंच ओढायचं कपाट दाखवलं होतं, जाळीच्या टोपल्या एकावर एक. बिस्किटाच्या पुड्यांना ते ठीक आहे. वर्षाची मालदांडी घेणाऱ्या घराला त्यात काय करायचं? पत्र्याची कोठी जिन्याखाली ठेवली, वर्षातून एकदा रिकामी करून उन्हात तापवायची, पुसायची, परत भरायची. हे काम भिंतीतल्या कपाटाशी होत नाही.

वाळवीचा विषय मात्र फिक्सवाल्यांनी गांभीर्याने घ्यावा. सुटं कपाट दिवाळीच्या साफसफाईला ओढलं जातं, मागची भिंत दिसते, मातीची बारीक नळी चढत असेल तर लगेच कळतं. फिक्स वॉर्डरोबची पाठ एकदा भिंतीला लागली की पुन्हा दिसत नाही. ओळखीच्या एका घरात आतून सगळं चकाचक आणि मागची सहा मिलिमीटरची फळी बोट लावताच आत गेली. आम्ही पाया भरतानाच वाळवीची फवारणी करून घेतली होती. शिवाय वॉर्डरोब बसवायच्या आधी भिंत आणि फरशीच्या सांध्यात भोकं पाडून औषध भरलं, आणि मागच्या फळ्यांना दोन्ही बाजूंनी औषध मारून वाळवल्या. नव्या प्लास्टरची ओल पूर्ण जाऊ द्या, हेही त्यातच आलं. वास्तुशांतीची तारीख ठरली म्हणून ओल्या भिंतीला कपाट चिकटवणारे कमी नाहीत. प्लाय घेताना खालच्या चौकटीला तरी आयएस ७१० शिक्क्याचा (मरीन प्लाय) घ्या, बाकी ठिकाणी आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला बऱ्यापैकी टिकणारा, पुरतो. शिक्का प्रत्येक शीटवर बघा, फक्त बिलावर नको.

सासूबाईंचं लोखंडी कपाट भवानी पेठेतल्या जुन्या घरातून आलं. ते रंगसंगतीत बसत नाही असं आमच्या मुलीचं मत, आणि ते हलणार नाही असं सासूबाईंचं. दोन्ही खरं. त्याला एकच अडचण आली, स्कर्टिंगची, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या फरशीच्या पट्टीची. स्कर्टिंग अर्धा इंच पुढे आलेलं असतं, त्यामुळे कपाट भिंतीला टेकत नाही आणि मागच्या फटीत कंगवे, पावत्या, जपमाळ असं काहीही पडतं. फिक्स कपाट जिथे येणार तिथे फरशीवाल्याला स्कर्टिंग लावूच नको म्हणून आधी सांगता येतं. सुट्याला ती मुभा नाही, कारण ते उद्या दुसरीकडे जाऊ शकतं.

आणि जातंही. मुलगी जूनमध्ये शिकायला पुण्याला गेली. तिचं टेबल पाय काढून टेम्पोत टाकलं आणि तिच्या खोलीवर पोचलं. भिंतीत केलं असतं तर इथे त्यावर इस्त्रीचे कपडे साठले असते.

पैशांबद्दल एवढंच, की दर विचारताना मोजमाप कशाचं ते पक्कं करा. सहा फूट रुंद, सात फूट उंच वॉर्डरोब म्हणजे समोरून ४२ स्क्वेअर फूट. काही जण याच मापावर सगळं धरून दर सांगतात. काही जण आतले कप्पे, बाजू, पाठ वेगळी मोजतात, आणि तोच वॉर्डरोब कागदावर दुप्पट-तिप्पट होतो. माळा वेगळा की धरून? बिजागऱ्या, हँडल, कुलूप कोणाचं? आठ बाय चारच्या शीटचे तुकडे उरले तर कोणाचे? आमच्या उरलेल्या तुकड्यांतून देवघराखालचा कपाटवजा ओटा झाला, कारण हे आधी बोललो होतो. तयार सुट्या फर्निचरला ही कटकट नाही, किंमत लिहिलेली असते. पण दुकानात प्लाय म्हणून जे दाखवतात ते पुष्कळदा पार्टिकल बोर्ड निघतं. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून कडेची पट्टी सुटलेली जागा शोधा, आतला भुसा दिसतो.

हॉलमधलं टीव्ही युनिट अजून केलेलं नाही. टीव्ही भिंतीला टांगलाय, खाली एक जुनी सेटी आहे. कार्यक्रमाला पन्नास माणसं आली की ती उचलून अंगणात जाते आणि हॉलमध्ये सतरंज्या पडतात. मिस्त्री भेटले की विचारतात, कधी घालायचं ते काम हातात. यंदाच्या गड्ड्यानंतर बघू म्हटलंय.