आउटबोर्डचं सर्व्हिसिंग: वर्कशॉपला द्यावं की स्वतः करावं?

आउटबोर्डचं, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाचं, दरवर्षीचं सर्व्हिसिंग मी दोन्ही प्रकारे केलंय. आधी बरीच वर्षं इंजिन वर्कशॉपला जायचं. आता नेहमीचं काम स्वतः करतो आणि मोजक्या गोष्टींसाठीच मेकॅनिककडे जातो. म्हणजे माझा कल कुठे आहे ते उघडच आहे. तरी माझी बोट, माझा वापर आणि मला मिळणारा वेळ सगळ्यांना लागू होईल असं नाही, म्हणून दोन्ही बाजू जमतील तेवढ्या सरळ मांडतो.

ऑइल कोणतं, स्पार्क प्लग कुठला, त्याची गॅप किती हे मॅन्युअलमध्ये आहेच. 100 तास किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल ते, हा हिशेबही बहुतेक बोटवाल्यांना पाठ असतो. माझ्या मते खरा प्रश्न एवढाच, की त्या यादीतली कामं कोणाच्या हातून होतात आणि कशी होतात.

मेकॅनिकच्या बाजूने पहिली गोष्ट त्याच्या नजरेची. एकाच मॉडेलची कितीतरी इंजिनं त्याच्या हाताखालून गेलेली असतात. एक सिलिंडर नीट चालत नाहीये की इंधनात पाणी आलंय, याचा अंदाज तो आवाजावरूनच बांधतो. एका इंजिनाच्या मालकाला ते ज्ञान कुठून मिळणार? व्हॉल्व्ह क्लिअरन्स, टायमिंग बेल्ट, इंजेक्शनमधले दोष, लॅपटॉप लावून वाचायचे कोड, गिअरकेसचे, म्हणजे खाली पाण्यात असणाऱ्या गिअरच्या पेटीचे, सील बदलून प्रेशर टेस्ट घेणं ही कामं मी आजही त्याच्याकडेच देतो आणि पुढेही देईन. इंजिन वॉरंटीत असेल तर अधिकृत ठिकाणीच सर्व्हिसिंग करून घ्यावं आणि बिलं जपून ठेवावीत. त्यात फार विचार करण्यासारखं काही नाही.

पण वार्षिक सर्व्हिसिंगला ती नजर फारशी लागत नाही. लागतो तो धीर, स्वच्छ फडकं आणि प्रत्येक बोल्टपाशी अर्धा मिनिट जास्त थांबण्याची तयारी. वर्कशॉपमध्ये नेमकी याचीच ओढाताण असते. हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर सगळ्या बोटी एकदम येतात. जुनाजाणता मेकॅनिक अडलेल्या इंजिनांत गुंतलेला असतो आणि तुमचं 'साधं' सर्व्हिसिंग नव्या पोराच्या हाती जातं. तो पोरगा वाईट असतो असं नाही. त्याला संध्याकाळपर्यंत आणखी इंजिनं उरकायची असतात. उरकलेल्या कामात आणि केलेल्या कामात जो फरक असतो, तो बिलावर दिसत नाही.

मला जे दिसत गेलं त्यातलं थोडं सांगतो. गिअर ऑइल नवं, पण ड्रेन प्लगखाली जुनाच चपटा झालेला वॉशर. एवढ्याशा वॉशरमुळे गिअरकेसमध्ये पाणी शिरू शकतं. इम्पेलर, म्हणजे वॉटर पंपातलं पाकळ्यांचं रबरी चाक, बदललेला, पण त्याखालची प्लेट आणि वरचा कप तसाच, चरे पडलेला. इंजिन तिरकं असतानाच डिपस्टिक पाहिलेली, त्यामुळे ऑइल वरच्या खुणेच्याही वर. 'ॲनोड तपासले' असं बिलावर लिहिलेलं आणि ॲनोडवर मात्र रंगाचा हात फिरवलेला. ॲनोड हा मुद्दाम झिजण्यासाठी लावलेला धातूचा तुकडा. रंग दिला की तो स्वतः झिजत नाही, म्हणजे त्याच्याऐवजी गिअरकेसचं ॲल्युमिनियम झिजायला लागतं. यातलं प्रत्येक काम बघितलं तर किरकोळ. प्रत्येक वेळी मी सांगितलं, त्यांनी मान डोलावली, काही दुरुस्तही करून दिलं. तेवढ्यावरून मी वर्कशॉप सोडलं नसतं.

सोडलं ते कोरड्या बोल्टांमुळे.

लोअर युनिट, म्हणजे गिअरकेस आणि वॉटर पंप असलेला इंजिनाचा खालचा भाग, वरच्या भागाला धरून ठेवणारे बोल्ट स्टेनलेस स्टीलचे असतात आणि ते ज्यात बसतात ते घर ॲल्युमिनियमचं. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना टेकले की झिजतं ते ॲल्युमिनियम. आट्यांमध्ये पांढरी भुकटी साठते, ती फुगते आणि बोल्टला आवळून धरते. उपाय सगळ्यांना ठाऊक असलेलाच आहे: बोल्ट बसवण्याआधी आट्यांना मरीन ग्रीस किंवा अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारा लेप) लावायचं. काही बोल्टांना थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावायला सांगितलेलं असतं, तिथे मॅन्युअलचंच ऐकायचं. पण सांगितलेलं काहीतरी लावायचं. कोरडं ठेवायचं नाही.

इंजिन थंड करून मागून बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक झाली म्हणून मी लोअर युनिट उतरवायला घेतलं. मागच्या बिलावर 'वॉटर पंप सर्व्हिस' असं लिहिलेलं होतं, म्हणजे हे बोल्ट अलीकडेच कोणीतरी काढून लावलेले होते. पहिला सुटला, पण असा करकरत, की पुढे काय वाढून ठेवलंय ते कळलं. आटे पांढरे पडलेले, ग्रीसचा मागमूस नाही. पुढच्या बोल्टवर पाना ठेवून हलकाच जोर दिला, तो आधी थोडा पिळला, रबरासारखा मऊ लागला आणि डोकं हातात आलं. बाकीचा बोल्ट आत. मग गरम करणं, भेदक तेल सोडून वाट पाहणं, बरोबर मध्यावर भोक पाडणं आणि शेवटी आटे गेले म्हणून नवीन इन्सर्ट (तयार आट्यांची नळी) बसवून घेणं. पाण्याची धार बारीक का झाली ते बघायचं सोडून सगळा वेळ या एका बोल्टात गेला. धारेचं कारण अगदी साधं निघालं, इम्पेलरची एक पाकळी तुटली होती.

या एका गोष्टीने मला इतकं का खुपावं? इम्पेलर चुकीचा बसवला तर इंजिन त्याच दिवशी तापतं, कोणी बसवला ते कळतं, भांडता येतं. कोरडा लावलेला बोल्ट त्या दिवशी अगदी व्यवस्थित दिसतो. उलट घट्ट, चकचकीत, छान काम केल्यासारखा दिसतो. त्याची किंमत पुढच्या वेळी तो उघडणाऱ्याला मोजावी लागते, आणि तेव्हा कोणी काय केलं होतं हे सिद्ध करायची सोय नसते. ज्याला ते पुन्हा उघडायचं नाही, त्याला बोटभर ग्रीससाठी थांबायचं काही कारणच उरत नाही. मी ठरवलं की हे बोल्ट जर पुढच्या वर्षी मलाच काढायचे असतील तर लावणाराही मीच असावा. तेव्हापासून लोअर युनिट उतरवताना पाना कधी अडला नाही. याला मोजमाप म्हणता येणार नाही, एका बोटीचा अनुभव आहे, पण मला तो पुरेसा वाटतो.

आता स्वतः करण्याची दुसरी बाजू. जागा लागते, जिथे इंजिन उभं ठेवता येईल आणि सांडलेलं ऑइल पाण्यात जाणार नाही. टॉर्क पाना, गिअर ऑइलचा हातपंप आणि तुमच्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल लागतं. मालकाला मिळणारी छोटी पुस्तिका पुरत नाही. जुनं ऑइल आणि फिल्टर योग्य ठिकाणी जमा करावे लागतात. सुरुवातीला वेळही बराच जातो, मेकॅनिकपेक्षा कितीतरी जास्त. ज्यांचा सुटीचा दिवस दुर्मीळ आहे त्यांनी हा हिशेब आधी करावा.

काही ठिकाणी अज्ञान महागात पडतं, ती आधीच सांगून ठेवलेली बरी. लोअर युनिट उतरवण्याआधी गिअर मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जागीच हवा, नाहीतर परत चढवताना शिफ्ट रॉड, म्हणजे गिअर बदलणारा दांडा, जुळत नाही आणि गिअर उलटसुलट पडतात. इम्पेलरवर कप दाबून बसवताना ड्राइव्ह शाफ्ट (इंजिनाकडून गिअरकडे जाणारा उभा दांडा) चालू दिशेने, म्हणजे बहुतेक इंजिनांत घड्याळाच्या काट्याप्रमाणे, फिरवत राहायचं, म्हणजे पाकळ्या योग्य बाजूला वळतात. इम्पेलरला पेट्रोलियम ग्रीस लावायचं नाही, रबर खराब होतं. ग्लिसरीन किंवा साबणाचं पाणी पुरतं. आणि ड्राइव्ह शाफ्टच्या स्प्लाइनला, म्हणजे टोकाजवळच्या उभ्या खाचांना, ग्रीस लावा, पण शाफ्टच्या माथ्यावर नको. तिथलं ग्रीस वर अडकून बसतं, शाफ्ट पूर्ण आत जात नाही आणि बोल्ट आवळताना सगळा ताण नको तिथे पडतो. ग्रीसचं एवढं गुणगान केलं म्हणून हे मुद्दाम सांगितलं. नवं गॅस्केट बसवताना जुन्याचा एक तुकडाही राहू द्यायचा नाही. ऑइल फिल्टरचं तर नक्की पाहावं, कारण जुनी रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली आणि त्यावर नवा फिल्टर चढवला, तर इंजिन सुरू होताच ऑइल बाहेर येतं.

वेळेच्या बाबतीत माझा अनुभव थोडा अनपेक्षित आहे. मेकॅनिकचं काम झटपट असतं, पण त्याचा नंबर लागायला आठवडे जातात. माझं काम सावकाश होतं, पण मी ते हंगाम संपल्या संपल्या करून टाकतो. खराब ऑइल आणि गिअरकेसमधलं पाणी इंजिनात महिनोन्महिने पडून राहत नाही, हाच मला मोठा फायदा वाटतो.

आणखी एक फायदा पाण्यावर असताना कळतो. धार अचानक कमी झाली तर आधी तारेने बाहेरचं भोक साफ करायचं, तरीही सुधारली नाही तर इंजिन बंद करायचं, हा क्रम मला आता विचार न करता सुचतो, कारण ते पाणी आत कुठून कुठे जातं ते हाताने पाहिलेलं आहे. वर्कशॉपमधून बिल घेऊन आलेल्या माणसाला हे येणार नाही असं मी म्हणत नाही. मला तरी तेव्हा येत नव्हतं.

तर कोणी काय करावं? वॉरंटीतलं इंजिन, जोडीने लावलेली मोठी इंजिनं, काम करायला जागा नसणं, किंवा हाताला काळं लागणंच नकोसं वाटणं, यातलं काही असेल तर वर्कशॉप. पण मग थोडं लक्ष ठेवा. जुने काढलेले सुटे भाग परत मागा, वॉशर आणि गॅस्केटसुद्धा. इंजिन देण्याआधी लोअर युनिटच्या बोल्टांच्या डोक्यापासून घरापर्यंत रंगाची बारीक रेघ ओढून ठेवा, म्हणजे परत आल्यावर बोल्ट हलले होते की नाही ते दिसेल. आणि जमलं तर लोअर युनिट चढवताना स्वतः उभे राहा. चांगला मेकॅनिक याचा राग मानत नाही. असा मेकॅनिक तुम्हाला मिळालेला असेल तर त्याला सोडू नका, माझं हे सगळं लिहिणं तुमच्यासाठी नाही.

बाकीच्यांनी, म्हणजे ज्यांच्याकडे एक मध्यम आकाराचं, वॉरंटी संपलेलं इंजिन आहे आणि वर्षातून एखादी सुटी मोकळी काढता येते, त्यांनी मला वाटतं स्वतः करून पाहावं. एकदम सगळं नको, गिअर ऑइलपासून सुरुवात करा. इंजिन रात्रभर उभं ठेवा आणि सकाळी खालचा प्लग काढून पहिलं काय बाहेर येतं ते बघा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्यामुळे ते आधी येतं. ऑइल स्वच्छ असेल तर खालच्या भोकातून नवं भरत जा, वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय येईपर्यंत. मग आधी वरचा प्लग लावा, मगच पंप काढून खालचा, दोन्हीला नवे वॉशर. पण बाहेर आलेलं ऑइल दुधाळ असेल, किंवा आधी पाणीच पडलं, तर नवं भरून इंजिन वापरायला घेऊ नका. बहुधा ते सीलचं काम असतं, आणि ते मेकॅनिककडेच न्या.