केपचा खेकडाबाजार : हिरव्या मिरीसाठी वाट वाकडी करावी असे गाव
कंबोडियाला जाणारा पर्यटक सहसा अंगकोरची मंदिरे पाहतो, नॉम पेन्हमध्ये मुक्काम करतो आणि परततो. दक्षिणेला, व्हिएतनामच्या सीमेजवळ समुद्रकाठी वसलेले केप त्याच्या वाटेवर येत नाही. मासे मनापासून खाणाऱ्याने मात्र ही वाट अवश्य वाकडी करावी. केपच्या खेकडाबाजारात मिळतो तसा हिरव्या मिरीतला खेकडा दुसऱ्या ठिकाणी त्याच चवीचा मिळणे कठीण आहे, कारण त्यातल्या दोन्ही मुख्य वस्तू, खेकडा आणि मिरी, तिथल्या तिथेच निपजतात.

बाजार अगदी पाण्याला लागून आहे. पकडलेले खेकडे टोपल्यांत भरून, त्या टोपल्या दोरीने बांधून उथळ समुद्रातच सोडून दिलेल्या असतात, त्यामुळे विक्रीच्या क्षणापर्यंत खेकडा जिवंत राहतो. गिऱ्हाईक आले की विक्रेत्या बायका अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरतात, टोपली ओढून काठावर आणतात आणि गिऱ्हाइकापुढे रिकामी करतात. हा निळसर नांग्यांचा समुद्री खेकडा असतो. खाडीच्या चिखलातल्या काळ्या खेकड्यापेक्षा याचे कवच पातळ आणि मांस गोडसर. आकाराच्या मानाने जड आणि हात लावताच चवताळणारा खेकडा निवडावा. पोटाखाली अंड्यांचा पुंजका असलेली मादी दाखवली तर ती मात्र घेऊ नये, हे आग्रहाने सांगावेसे वाटते. या किनाऱ्यावर बेकायदा ट्रॉलरांनी आधीच बरेच नुकसान केलेले आहे.

निवडलेला खेकडा थोडे जास्तीचे पैसे घेऊन बाजारातच शिजवून देतात. नुसत्या वाफवलेल्या खेकड्यासाठी हाच मार्ग उत्तम. सोबत मीठ, कुटलेली मिरी आणि लिंबाचा रस एवढ्यावरच केलेली चटणी येते आणि ती पुरते. मिरीत परतलेला खेकडा मात्र शेजारी ओळीने असलेल्या, पाण्यावर खांब रोवून उभारलेल्या उपाहारगृहांत खावा, कारण त्याला मोठी आच आणि सरावाचा हात लागतो. तुकडे केलेला खेकडा तापलेल्या कढईत लसणावर पडतो, मग माशांचे खारे पाणी (फिश सॉस), किंचित साखर, कांद्याची पात आणि हिरव्या मिरीचे घोसच्या घोस, देठासकट. दाताखाली दाणा फुटला की आधी ओल्या पानासारखा ताजा वास येतो आणि तिखटपणा मागाहून, जिभेच्या मुळाशी जाणवतो. आपल्याकडे कुर्ल्यांच्या रश्शात त्यांचे बारीक पाय वाटून रस घालतात आणि चव त्या रसात उतरते. केपमध्ये रसाला महत्त्व नाही, कवच फोडून काढलेला मांसाचा तुकडा आणि मिरीचे दोन दाणे एकाच घासात यावेत, यातच सगळे आले. मिरीचा हंगाम नसेल तर मिठात मुरवलेली किंवा वाळलेली मिरी वापरतात. तोही पदार्थ चांगला लागतो, पण तो ताजा वास त्यात नसतो. म्हणून मागवण्याआधी मिरी ओली आहे का, हे विचारून घ्यावे.

बाजारातल्या निखाऱ्यांवर भाजलेल्या माकुळाच्या काड्याही चुकवू नयेत. नारळाचे दूध, गवती चहा आणि हळद घालून केळीच्या पानात वाफवलेला आमोक इथे मागवण्याची मात्र गरज नाही. तो मुळात गोड्या पाण्यातल्या माशाचा पदार्थ, त्याची खरी गोडी तोन्ले साप सरोवराच्या परिसरात. सोबत कोणी शाकाहारी असेल तर परतलेल्या भाजीतही माशांचे खारे पाणी पडते, हे ध्यानात ठेवून आधीच स्पष्ट सांगावे.

जमीन सतत ओली असते, सुक्या मासळीचा दर्प दाट असतो आणि शनिवार-रविवारी राजधानीतून येणाऱ्यांची गर्दी उसळते, तेव्हा आठवड्यातली मधली सकाळ गाठावी. भाव किलोवर ठरतो. वजन करण्याआधी तो पक्का करावा. डॉलर चालतात, पण फाटकी किंवा डागाळलेली नोट कोणी घेत नाही.

हाताशी अर्धा दिवस असेल तर शेजारच्या कांपोत प्रांताकडच्या एखाद्या मिरीच्या मळ्यात जावे. सत्तरच्या दशकातल्या ख्मेर रूज या साम्यवादी राजवटीत भातशेतीच्या सक्तीपायी हे मळे जवळजवळ नामशेष झाले होते. पुढे जुन्या शेतकरी कुटुंबांनी ते पुन्हा उभे केले. या मिरीला 2010 मध्ये कंबोडियात भौगोलिक मानांकन मिळाले आणि 2016 मध्ये युरोपीय संघाचे संरक्षणही. बाजारात सुटी मिरी स्वस्त दिसते, परंतु घरी नेण्यासाठी मानांकनाची खूण असलेले पाकीटच घ्यावे, आणि काळीबरोबर थोडी लालही घ्यावी. वेलीवर पूर्ण पिकल्यावर तोडलेली ती मिरी गोडसर असते आणि तळलेल्या सुरमईवर कुटून घातली तर फार छान लागते.