पावतीवर 'देणगी' लिहिलं होतं, मी वाचलंच नाही

माझे 3,550 रुपये गेले. जाऊबाईंचे धरून 7,100. त्यांना मीच ओढून नेलं होतं, म्हणून घरात अजून मान वर करून बोलता येत नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात युनिफॉर्म शिवणारे कारखाने किती, ते सांगायला नको. आईनं जन्मभर विड्या वळल्या, मला मशीनवर बसायचं होतं. 'शासनमान्य शिलाई कोर्स, नोकरीची हमी' असा बोर्ड दिसला. नोंदणी 1,500, किट 850, परीक्षा फी 1,200. "सर्टिफिकेट मिळालं की सगळे परत, ताई."

पावतीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'ऐच्छिक देणगी'. विजेचं बिल ओळ न् ओळ तपासणारी बाई मी, आणि ही पावती घडी घालून पर्समध्ये टाकली! मागं बायकांची रांग होती, सर ताई-ताई करत होते. तुम्ही असता तर वाचली असती का?

नऊ दिवस नुसती सरळ शिलाई. दहाव्या दिवसापासून "अंगठा लावून जा". तिथंच उठायला हवं होतं. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना 2015 पासून आहे, राज्याचं प्रमोद महाजन कौशल्य विकास अभियान आहे. त्यात शिकणाऱ्याची फी सरकार भरतं, शिकवणाऱ्या केंद्राला पैसे टप्प्याटप्प्यानं मिळतात. हजेरी हीच त्यांची कमाई. फी मागितली की उठा, एवढं तरी ऐका.

"गड्डा यात्रेच्या सुट्टीनंतर या," म्हणाले. गड्डा झाला, गेलो तर शटर बंद, बोर्डही गायब.

पोलीस म्हणाले, "देणगी स्वतःहून दिलीत, गुन्हा कसला?" सरकारी कार्यालयात उत्तर, "असं केंद्र आमच्या यादीतच नाही." ऑनलाइन तक्रार केली, ती न विचारताच 'निकाली'. 1930 वर फोन केला, पण ते ऑनलाइन फसवणुकीसाठी. मी रोख मोजले होते. तुम्ही रोख देऊ नका. आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं, फुकट, तेही आत्ताच करा.

आता कळस ऐका. दुसऱ्या केंद्रात नाव घालायला गेले, तर आधार टाकल्याबरोबर माझं नाव आधीच नोंदलेलं! यादीत नसलेल्या केंद्रानं ते कुठं नोंदवलं? स्क्रीनचा फोटो घेऊन परत त्याच कार्यालयात गेले. साहेब जेवायला गेले होते. साडेचारपर्यंत बसले. शेवटी शिपाई म्हणाला, "मावशी, लेखी अर्ज द्या, दोन प्रतींत."