बूच दोन बोटं वर: डेझर्ट कूलरसोबत एक नागपुरी उन्हाळा

होळीच्या आधी घेतला, आता पावसाळा चांगला लागलाय. टाकी किती लिटरची, पंख्याचा घेर किती हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं, ते पुन्हा लिहीत नाही. लिहायला बसलो ते पंपामुळे. ऐन नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, भर दुपारी पॅडवर पाणी सोडणारा पंप गेला. पंखा फिरतोय, पॅड कोरडेठाक, आणि कूलर बाहेरची लू जशीच्या तशी घरात ओततोय.

तक्रार नोंदवली. आज येतो, उद्या येतो करत सर्व्हिसवाला मुलगा एकदाचा आला. पंप हातात घेतला, वरचा पांढरा थर नखाने खरवडला आणि म्हणाला, "काका, पाणी खारं आहे तुमचं. यात वॉरंटी नाही बसत." बरं, मग उपाय? "आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करत जा ना." मी त्याला खाली बसवलं, टाकीतलं पाणी सोडायचं बूच दाखवलं आणि म्हटलं, घे बाबा, कर रिकामी.

कारण या कूलरचं बूच तळापासून दोन बोटं वर आहे. काढलं की पाणी भसाभस येतं आणि मग थांबतं. उरलेलं तळाशी तसंच. ते काढायचं तर बायकोने कूलर मागून तिरपा धरायचा आणि मी समोरून हात घालून स्पंजने टिपायचं. चाकं आहेत, रिमोट आहे, समोर निळा दिवा आहे, बर्फाचा कप्पासुद्धा आहे. तळाशी एक भोक मात्र कोणाला सुचलं नाही.

बर्फाच्या कप्प्याचंही सांगून टाकतो. किलोभर बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढतो, त्याच्या सातपट उष्णता एक लिटर पाणी नुसतं वाफ होऊन ओढतं. फ्रीजमधला बर्फ सरबतात घाला.

तर बूच. पाणी उडून जातं, त्यातले क्षार मागे राहतात. तुम्ही वरून नवं पाणी भरता, त्यातले क्षार जुन्यात मिसळतात. आमच्याकडे उन्हाळ्यात अर्धं पाणी बोअरिंगचं. महिनाभरात तळाचं पाणी बोटाला चिकट लागायला लागतं. तेच पंप ओढतो, तेच पॅडवर जाऊन पांढरं होतं आणि त्याचाच वास खोलीत येतो. डासांचं वेगळंच. डेंग्यूचा डास असल्याच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आठ-दहा दिवसांत डास तयार. अंडी टाकीच्या भिंतीला चिकटतात, सुकली तरी महिनोन्महिने जगतात, म्हणून नुसतं पाणी काढून भागत नाही, घासावंही लागतं. आणि दोन बोटं पाण्यात घासणार काय?

पंप शेवटी बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून आणला, कंपनीच्या किमतीच्या निम्म्यातही नाही. प्लग काढून स्वतःच बसवला, अजून चालू आहे.

पॅडबद्दलचं मत मात्र बदलावं लागलं. मार्चमध्ये भेटेल त्याला सांगत होतो की याच्यातलं मधाच्या पोळ्यासारखं हनीकोंब पॅड म्हणजे पुठ्ठा, खरी मजा वाळ्याच्या ताटीत, निदान वुडवूलमध्ये, म्हणजे लाकडाच्या किसात. वाळ्याचा वास येत नाही हे दुःख आहेच. पण वुडवूल मे महिन्यात खाली बसतं, वर फट पडते आणि तिथून गरम हवा सरळ आत. हा पुठ्ठा बसला नाही. बाहेर ४४ अंश आणि हवेत १५ टक्के ओलावा असेल, तर ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरचा पारा २३ च्या आसपास जातो. त्याखाली कुठलाच कूलर जाणार नाही. याच्या तोंडाशी थर्मामीटर धरला, २९ निघाले. तक्रार नाही.

अट एकच, समोरची खिडकी उघडी हवी. आत आलेली ओली हवा बाहेर गेलीच पाहिजे. आमची आई येता-जाता "ऊन येते" म्हणून ती लावते आणि पंधरा मिनिटांनी "कूलर काही गार नाही बाप्पा" म्हणते. शेवटी खिडकीला सुतळी बांधली.

वीज म्हणाल तर लेबलवर १८० वॅट. बारा तास चालवला तरी सव्वादोन युनिटच्या आत, आणि लाइट गेली तर इन्व्हर्टरवरही ओढतो. दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना तेवढं दीड तासात खातो. जुन्या लोखंडी कूलरला अर्थिंग ढिलं झालं की झिणझिण्या यायच्या, याचं अंग प्लास्टिकचं, ती धास्ती कमी. तरी पाणी भरताना प्लग काढायचाच.

जूनमध्ये पाऊस तोंडावर आला आणि खेळ संपला. पारा ३६, ओलावा साठ टक्के, अंगावर चिपचिप, डब्यातलं मीठ ओलं. पंप बंद करून नुसता पंखा वापरला. तो दोष कूलरचा नाही. कोकणातल्या मेहुण्याने विचारलं होतं, त्याला घेऊ नको म्हणून सांगितलं.

आणि हो, गेल्या रविवारी तळाला ड्रिलने भोक पाडून अर्ध्या इंचाचा नळ बसवला. वायसर, थोडं सीलंट, गळत नाही. वॉरंटी गेली असेल तर जाऊ दे, तशीही ती कामाला आली कुठे. पाचपैकी तीन तारे. नळ मी बसवला, त्याचा तारा कंपनीला मिळणार नाही.